सोसायटी ग्रुप: रॅम्पचं काय झालं?

सी-१०३ ताई: आज परत तेच. वॉचमन आणि पेपरवाल्याने मिळून लेकीची व्हीलचेअर तीन पायऱ्या उतरवली, पुढचं चाक आपटलं. १३ वर्षांची मुलगी आहे, तिला रोज कुणीतरी उचललेलं आवडत नाही. वार्षिक सभेत (एजीएम) ठराव होऊन दीड वर्ष झालं.

सेक्रेटरी: ताई, नोंद घेतली आहे 🙏 कोटेशन मागवलंय.

सी-१०३ ताई: दिवाळीलाही हेच सांगितलं होतंत.

ए-२०२ काका: रॅम्पला कुणाचाच विरोध नाही. पण पाहुण्यांच्या पार्किंगचं काय?

डी-४०१: तीन पायऱ्यांसाठी एवढं बांधकाम कशाला, फळी टाका की

बी-५०२: फळी अजिबात नको, खुर्ची उलटी पडेल. पायरी सहा इंचाची, तीन म्हणजे दीड फूट, उतार १ ला १२ धरायचा, एक फूट उंचीला बारा फूट लांबी, म्हणजे १८ फूट रॅम्प लागतो. भिंतीलगत वळवून घेतला तर एकाच गाडीची जागा जाते.

ए-२०२ काका: तेच म्हणतोय, पाहुण्यांच्या पार्किंगचं काय?

बी-३०४: काका तुमचे जावई महिन्यातून एकदा येतात 😄

ए-२०२ काका: जावयांना मध्ये आणायचं काम नाही.

ए-६०१: पाणी गेलं का सगळ्यांचं?

सेक्रेटरी: टाकी धुतायत. नोटीस लावली होती.

ए-६०१: आमच्या विंगला नाही लावली

सी-१०३ दादा: आई चिडलीय म्हणून मी लिहितो. बहीण व्हीलचेअर रेसिंग करते, तिच्या भिंतीवर टॅनी ग्रे-थॉम्पसनचा फोटो आहे. ब्रिटनमधल्या कार्डिफची व्हीलचेअर रेसर, जन्मतः स्पायना बिफिडा म्हणजे पाठीच्या कण्याचा दोष, पॅरालिम्पिकमध्ये (दिव्यांगांचं ऑलिम्पिक) १९८८ ला सोलला ४०० मीटरचं ब्राँझ, १९९२ ला बार्सिलोनात १००, २००, ४००, ८०० चारही गोल्ड आणि ४०० मीटर एका मिनिटाच्या आत, २००० ला सिडनीत परत चार, अथेन्सला आधी ८०० हरली आणि मग १०० नि ४०० जिंकली, एकूण ११ गोल्ड, सहा वेळा लंडन मॅरेथॉन जिंकली. आणि सिडनीच्याच वर्षी बीबीसीच्या क्रीडा पुरस्कारात तिसरी आली तर स्टेजवर जायला रॅम्प नव्हता, खालीच बसून राहिली.

डी-४०१: तिकडे पण असं?

सी-१०३ दादा: हो. २०२४ ला पॅरिस पॅरालिम्पिकला निघाली होती, लंडनच्या किंग्ज क्रॉसला ट्रेनमधून उतरवायला कुणी आलंच नाही, शेवटी सामान बाहेर टाकून फरशीवर सरपटत उतरली. तेव्हा ती तिथल्या संसदेची सदस्य होती!

बी-३०४: 😔

डी-१०१ आजोबा: आपल्या सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर विसरू नका. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि १९७२ ला हायडेलबर्गला पोहण्यात गोल्ड आणलं. भारताचं पहिलं पॅरालिम्पिक गोल्ड.

ए-२०२ काका: सगळं मान्य आहे, अभिमानच आहे. पण पाहुण्यांच्या पार्किंगचं

सी-१०३ ताई: काका, तिची रेसिंगची खुर्ची तीन चाकांची, लांबलचक. या पायऱ्यांवरून वळतच नाही म्हणून ग्राउंडवरच ठेवतो, पावसात गंजतेय. तुम्हीच तिच्या पहिल्या मेडलला पेढे वाटले होतेत ना.

बी-५०२: रविवारी ९ ला टेप घेऊन गेटपाशी येतो. कोण कोण येतंय?

सी-१०३ दादा: मी

सेक्रेटरी: मीही. कोटेशनवाल्याला पण बोलावतो.

ए-२०२ काका: येतो. तिथे माझी स्कूटर असते, शनिवारीच काढून ठेवतो. पण पार्किंगचं बोलणं त्याच दिवशी व्हायला हवं.