अलीकडे काय पाहिलंत? कोकणातल्या सिनेमावेड्यांचे अनुभव

आमच्या घरी सिनेमा संपला की जेवणं उरकेपर्यंत त्याच्यावरच बोलणं चालतं. ते बोलणं घराबाहेर न्यावं असं बरेच दिवस मनात होतं, म्हणून हे आवतण. अलीकडे पाहिलेला एकच सिनेमा घ्या. जुना चालेल, मराठीच हवा असंही नाही. कुठे पाहिलात, कुणाबरोबर पाहिलात आणि आत काय हललं ते लिहा. गुण देऊ नका आणि शेवट फोडू नका. सुरुवात मी करते.

रत्नागिरी

'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' मी आत्याबरोबर पाहिला. २०२४ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्याला ग्राँ प्री पुरस्कार मिळाला तेव्हा पेपरात वाचलं होतं. पण खरं कुतूहल वेगळंच होतं. पायल कपाडियांच्या या सिनेमाचा उत्तरार्ध आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर घडतो. मुंबईच्या इस्पितळातल्या दोन मल्याळी नर्सा, प्रभा आणि अनू, आणि तिथेच स्वयंपाक करणारी पार्वती. छाया कदम पार्वती झाल्या आहेत. नवरा गेल्यावर तिच्याकडे घराचे कागद नाहीत, म्हणून बिल्डर तिला खोली सोडायला लावतो आणि ती गावी परत येते.

आमची आत्या परळहून चौतीस वर्षांनी परत आली. खोली काकांच्या नावावर होती. ते गेल्यावर तिने रेशनकार्ड, लाइट बिलं, भाडेपावत्या सगळं पिशवीत घालून किती दारं झिजवली ते मी पाहिलंय. पार्वतीच्या कागदांचा विषय निघाला तसा आत्याने सिनेमा थांबवायला सांगितला. पाणी प्यायली, परत बसली. पुढे पार्वती आणि प्रभा बिल्डरच्या फलकावर दगड मारतात, तेव्हा म्हणाली, "मारला ते बरं केलं." पार्वती गावच्या घरात शिरली तेव्हा, "सामान किती थोडं आणलंय बघ गो."

मला सगळ्यात आवडलं ते मुंबईच्या निळ्या-ओल्या अंधारातून एकदम इथल्या उघड्या उजेडात येणं. डोळे दिपतात. चाकरमानी पहाटेच्या गाडीतून उतरतो तेव्हा त्याचे दिपतात तसेच. एक मात्र खटकलं. पार्वती आली तरी शेजारपाजार फारसा दिसत नाही. आमच्याकडे आत्या आली त्या दिवशी चहाचं आधण दुपारपर्यंत उतरलं नव्हतं. संथ सिनेमा आहे, घाईत पाहू नका.

चिपळूण

माझा सिनेमा मल्याळम, '२०१८'. केरळच्या महापुरावरचा, टोविनो थॉमसचा. हिंदीत डब केलेला मिळाला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात शिरलं होतं, त्यामुळे पाहू की नको यातच वर्ष गेलं. शेवटी मुलगी म्हणाली, आई, बसू या आपण.

सुरुवातीला माणसं फार आहेत. कोण कुणाचा ते लागायला अर्धा तास जातो आणि पार्श्वसंगीत तर सतत हाताला धरून रडायला लावतं. पण पाणी चढायला लागलं आणि मी दोष काढायची थांबले. पहिल्यांदा अंगणात, मग पायरीवर, मग दाराच्या फटीतून. त्या फटीतून येणाऱ्या पाण्याला एक बारीक आवाज असतो. तो ज्याने ऐकलाय त्यालाच कळेल. आमचे हे उठून गॅलरीत गेले, ते मासेमारांच्या होड्या येईपर्यंत आलेच नाहीत.

होड्या ट्रकवर चढवून कोळी बांधव शहरात येतात, तो भाग पाहताना मी मोठ्याने रडले. केरळात ते खरंच तसं घडलं होतं. आम्ही माळ्यावर बसून असाच एखाद्या होडीचा आवाज येतोय का ते ऐकत होतो. रात्र होती, लाइट नव्हती, फोन बंद पडलेले.

एका गोष्टीची मात्र चुटपुट लागली. चिखलाचे दिवस सिनेमात जवळजवळ नाहीत. पाणी एका दिवसात आलं आणि गेलं, पण आमचा पूर खरा सुरू झाला तो त्यानंतर. गाद्या, पुस्तकं, मुलीची बाहुली, सासूबाईंचं लग्नातलं पातळ, सगळं एकाच रंगाचं झालेलं. फावड्याने घरातला चिखल ओढताना काय होतं, ते कुणीतरी दाखवायला हवं. पूर पाहिलेल्या माणसांनी हा सिनेमा एकट्याने पाहू नये, एवढं सांगते.

कुडाळ

मी मालवणीतच लिवतंय. 'दशावतार' पिक्चराबद्दल पुस्तकी भाषेत लिवलंय तर माकाच ता परक्यासारखा वाटात.

माझे बाबा चाळीस वर्सां दशावतारात होते. आदी स्त्रीपार्ट करीत, मगे राजपार्ट. आता डोळ्यांनी कमी दिसता. पिक्चरातलो बाबुली मेस्त्री पन तसोच, वय झालेलो, डोळे गेलेलो, पन रंग लावल्याशिवाय जीव रवना नाय. ऐंशीच्या घरातल्या दिलीप प्रभावळकरांनी ह्यो बाबुली असो उभो केल्यानी की माका पडद्यार बाबाच दिसत होते. खुर्चेवरसून उठतानाची कंबर, हात चाचपत पेटाऱ्यापर्यंत जाना, आनि एकदा काय रंग लागलो की ताठ झालेली मान. ता शिकवन येना नाय. कोनाक तरी बगून बगून घेतलेला असता.

आमच्याकडे दशावतार म्हंजे नाटकाची वही नसता. आख्यान काय ता सांजेक ठरता, रंगपटीत एकमेकांक सांगतत, आनि रातभर भाषणां आयत्या वेळेक सुचतत. हार्मोनियम, पखवाज नि झांज, बस. समोर बाकडो आनि मागे पडदो. संकासूर इलो की पोरां आवशीच्या पदरात. ह्या सगळा पिक्चरात असा, आनि दाखवतल्यान मान ठेवन दाखवल्यान हा. नायतर आमच्या कलेक टीव्हीर नुसता हसन्यासाठीच वापरतत, त्येचो माका लय राग येता.

एकच सल रवलो. आमी घरातली सात जनां गेलंव, पन बाबांका नेलंव नाय. "दिसचा नाय त्येंका, कित्याक तरास," असा मीच म्हटलंय. मध्यंतरात भायर येवन उभो रवलंय नि माझोच माका राग इलो.

दोडामार्ग

कुडाळच्या दादांचं वाचून डोळे भरले. सिनेमा मीही पाहिला, तीन बायका मिळून कुडाळपर्यंत एसटीने गेलो होतो. पण माझं मत थोडं वेगळं आहे.

पूर्वार्ध मला इतका आवडला की तिथेच थांबावंसं वाटलं. बाप-लेकाचं नातं, जंगलातली रात्र, देवराईचा धाक. उत्तरार्धात गोष्ट सुडाच्या वाटेने जाते आणि तिथे माझं मन मागे राहिलं. सिनेमातला खाणीचा प्रश्न आमच्या तालुक्यात आम्ही रोज जगतो. तिथे चार वाईट माणसं संपली की प्रश्न संपला, असं होत नाही. ग्रामसभेत ठराव होतात, जनसुनावणीला ढीगभर कागद येतात, घरातला एक भाऊ जमीन देतो म्हणतो आणि दुसरा नाही म्हणतो. चतुर्थीला ते दोघे एका गणपतीपुढे बसतात आणि बोलत नाहीत. माझ्या माहेरी असं झालंय. लढा तिथे असतो, स्वयंपाकघरात. तो पडद्यावर यायला हवा होता.

तरीही लोकांना सांगते, पाहाच. दिग्दर्शक सुबोध खानोलकरांनी आमचा डोंगर रिसॉर्टच्या जाहिरातीसारखा दाखवलेला नाही. तो डोंगर कुणाचा तरी आहे, हे पहिल्या फ्रेमपासून कळतं.

हर्णै (आईने सांगितलं, मी लिहून घेतलं)

मी मासळी विकते. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, होड्या वर ओढलेल्या, पुरुषमाणसं जाळी दुरुस्त करत बसलेली. तेव्हाच काय ते सिनेमे बघायचे. लेकीने मोबाइलवर एक जुना मल्याळी सिनेमा लावला, १९६५ चा 'चेम्मीन'. चेम्मीन म्हणजे आपली कोळंबी. भाषा कळत नव्हती, लेक खालची अक्षरं वाचून सांगत होती. थोड्या वेळाने मीच तिला म्हटलं, गप बस, मला कळतंय.

समुद्र, वाळू, टोपल्या, होडी ढकलताना सगळ्यांनी मिळून दिलेला जोर, सगळं आमचंच. सलील चौधरींची गाणीपण गोड. करुत्तम्मा नावाची कोळ्याची पोर आहे. तिचं मन परीकुट्टी नावाच्या मुसलमान व्यापाऱ्यावर आणि लग्न होतं पळनी नावाच्या कोळ्याशी. तिच्या बापाला होडी घ्यायची हाव सुटलेली. तो बाप मी आमच्या बंदरावर चारदा पाहिलाय, होडी घेताना गोड बोलणारा आणि होडी आल्यावर ओळख विसरणारा.

पण त्या गोष्टीच्या मुळाशी एक समजूत आहे. नवरा दर्यात असताना बायको घरी शुद्ध राहिली तरच तो सुखरूप परत येतो, नाहीतर दर्यामाता त्याला नेते. हे ऐकलं आणि मला झोप लागली नाही. २००९ साली फयान वादळ आलं, तेव्हा किती घरांतले पुरुष परत आले नाहीत. त्या बायांत काय खोट होती? त्या पण नारळी पुनवेला नारळ सोडत होत्या. दर्यात वारा असतो, इंजिन बंद पडतं, फळी फुटते. बाईने किती ओझं डोक्यावर घ्यायचं? टोपलीचं आहेच.

लेक म्हणाली, आई, सिनेमा ती समजूत बरोबर आहे असं म्हणत नाही, ती माणसांचं काय करते ते दाखवतो. असेल. शेवट सांगू नका म्हणालात म्हणून सांगत नाही, पण शेवट बघून मला तसं वाटलं नाही. माझ्या वयाच्या बायांनी हा सिनेमा बघावा आणि मला येऊन सांगावं.

माणगाव

'मुंज्या' मुलांसाठी लावला. दोघं एका गोधडीत शिरून पाहत होती. मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला मुलगा पिंपळावर राहतो, हे त्यांना आजीने आधीच सांगितलेलं, त्यामुळे त्यांना गोष्ट नवी नव्हतीच. मला त्यातली आजी आणि नातवाचं नातं आवडलं, शेवटची मारामारी लांबली. दुसऱ्या दिवशी धाकट्याने शाळेची वाट बदलली, पिंपळ टाळून.

खेड

'तुंबाड' पुन्हा थिएटरात आला, सप्टेंबर २०२४ मध्ये, तेव्हा दुसऱ्यांदा पाहिला. पहिल्यांदा २०१८ मध्ये पाहिला होता. तुंबाड हे नाव आमच्या खेड तालुक्यातल्या गावाचं. बाहेरगावी 'खेडचा' म्हटलं की हल्ली पोरं 'म्हणजे ते तुंबाड?' विचारतात.

शापित पेवाची गोष्ट खोटी, पण त्यातला पाऊस खरा. राही अनिल बर्वेंनी त्यासाठी पावसाळ्यामागून पावसाळे घालवले. आकाश जमिनीला टेकलेलं, चार वाजता दिवा लावावा लागतो, भिंतीला ओल येऊन बुरशीचे नकाशे उमटतात. आमच्या जुन्या घरातला श्रावण असाच असे. आणि बंद माजघराची भीतीही तशीच. लहानपणी तिथे धान्याच्या कणगीमागे आजोबा काहीतरी ठेवत. काय ते आम्ही कधीच विचारलं नाही.

लोभ दाखवायला कणकेच्या बाहुल्या वापरणं ही माझ्या मते या सिनेमातली सगळ्यात मोठी कल्पना. कणीक इतकी घरगुती वस्तू, आणि तिचीच भीती वाटायला लागते.

गुहागर

मी बदलीवर आलेली. नवरा गेल्यानंतर दीड वर्षाने, सातवीतल्या मुलाला घेऊन. कुणीतरी सुचवलं म्हणून 'किल्ला' लावला आणि पहिल्या दहा मिनिटांत कळलं की ही आमचीच गोष्ट. वडील गेलेला चिन्मय, सरकारी नोकरीतली आई, कोकणातलं नवं गाव. अविनाश अरुण यांनी दिग्दर्शन आणि छायाचित्रण दोन्ही केलंय. २०१४ मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात मुलांच्या ज्युरीने त्याला क्रिस्टल बेअर हे बक्षीस दिलं, ते अगदी योग्य माणसांनी दिलं असं मला वाटतं.

पावसात मित्र चिन्मयला किल्ल्यावर एकट्याला टाकून जातात, तेव्हा माझा मुलगा माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझं पण असं झालं होतं." कधी, कुठे, मला काहीच माहीत नव्हतं. अमृता सुभाषची आईसुद्धा अशीच, कचेरीच्या कटकटीत अडकलेली, मुलाशी कामापुरतं बोलणारी. तिची चूक काढावी असं कुठेच वाटलं नाही. सिनेमा संपल्यावर आम्ही दोघं समुद्रावर गेलो आणि बऱ्याच उशिरा परत आलो.

कुडाळ (पुन्हा)

दोडामार्गच्या ताई, तुमचा म्हनना माका पटला. खानीचा दुखना तुमका जास्त ठावक.

काल बाबांका घेवन गेलंय. पुढल्या रांगेत बसयलंय. पडद्यार काय चल्लाहा ता मी कानाक लागान सांगी होतंय, पन अर्ध्या तासान त्येनी माझो हात बाजूक केल्यानी. पखवाज वाजलो की बोटां मांडयेर चलत होती. मध्यंतरात चा घेताना इचारलंय, कसा वाटता? म्हनाले, "रंग बरो लावल्यानी. पेटी मातशी चडी वाजता, बोलना बुडता." मगे कप खाली ठेवल्यानी नि इचारल्यानी, "भायर कितके वाजले? चल आत, मानूस वांगडा नसलो तर थांबनत नायत ते."