'इंजिन बदललं' म्हणजे नेमकं काय बदललं?

खटपट्या: लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरवर लिहिताना 'इंजिन' शब्दाचा घोळ होतो. एकाच परिच्छेदात विमानाचं इंजिन पेट घेतं आणि गेमचं इंजिन बदलतं. दुसऱ्यासाठी 'गाभा' चालेल का?

पाटी-पेन्सिल: नको. गाभा म्हटलं की न बदलणारा भाग डोळ्यांपुढे येतो. 'इंजिन'च ठेवा, पण कुठलं ते सांगा. डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये 2015 साली 1.5 आवृत्तीसोबत 'एज' आलं, डायरेक्टएक्स 11 वर (ग्राफिक्स कार्डाशी बोलणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीवर) चालणारं. ते ग्राफिक्स इंजिन, म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणारा भाग. मिशन एडिटर आणि लुआ भाषेतलं स्क्रिप्टिंग जुन्या पायावरच राहिलं. 2021 च्या 2.7 मधले ढग तर ग्राफिक्स इंजिनाचाही एक तुकडा. त्याला 'नवं इंजिन' म्हणणं जरा जास्तच होतं.

रिकामटेकडा: फाल्कन 4.0 या जुन्या एफ-16 सिम्युलेटरचं काय करणार? गेम 1998 चा, सोर्स कोड 2000 साली फुटला, त्यावर चाहत्यांनी केलेलं बीएमएस उभं राहिलं. बीएमएसच्या 2022 च्या 4.37 मध्ये डायरेक्टएक्स 11 आणि व्हीआर (आभासी वास्तवाचा चष्मा) आलं. डायनॅमिक कॅम्पेन (आपोआप पुढे सरकणारं युद्ध) मात्र मूळ घराण्यातलीच. 'नवं इंजिन' खोटं, 'डागडुजी' म्हणजे अपमान. मी 'टप्प्याटप्प्याने नव्याने लिहिलेलं' म्हणेन. लांबलचक आहे, पण खरं आहे.

खटपट्या: पटलं. मल्टिथ्रेडिंगला, म्हणजे प्रोसेसरची कामं एकाच वेळी अनेक थ्रेडवर वाटण्याला, 'बहुधागी'?

पाटी-पेन्सिल: छे, इथे फोरमवर धागा म्हणजे आपण ज्यावर भांडतोय ती चर्चा! वाचकाला परिणाम सांगा. डीसीएसमध्ये 2023 पर्यंत सिम्युलेशन आणि चित्राची तयारी एकाच थ्रेडवर, आवाज दुसऱ्यावर. युनिट्स (मिशनमधली विमानं, रणगाडे वगैरे) वाढली की प्रोसेसरचा एक कोअर पूर्ण भरायचा, ग्राफिक्स कार्ड अर्धं रिकामं, तरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) पडायचा. उजवा कंट्रोल आणि पॉज एकदम दाबलं की एफपीएसचा तक्ता येतो. मल्टिथ्रेडिंग आल्यापासून तिथे 'सीपीयू बाउंड' (प्रोसेसरमुळे अडलंय) की 'जीपीयू बाउंड' (ग्राफिक्स कार्डामुळे अडलंय) तेही दिसतं. सीपीयू बाउंड असेल तर रिझोल्यूशन उतरवून काही मिळत नाही. मिशनमधली युनिट्स कमी करायची.

रिकामटेकडा: 'शेडर कॅशे'ला 'शेडरचा साठा' म्हणा; शेडर म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणारे, रंग-प्रकाश ठरवणारे छोटे प्रोग्राम. अपडेटनंतर चित्रात चट्टे दिसले किंवा गेम अडखळला तर सेव्ह्ड गेम्समधल्या डीसीएस फोल्डरातले 'एफएक्सओ' आणि 'मेटाशेडर्स2' रिकामे करायचे. शेडर पुन्हा कंपाइल होतात (कार्डाला समजेल अशा रूपात बदलले जातात), म्हणून पहिलं मिशन उघडायला वेळ लागतो. शेजारच्या 'कॉन्फिग'ला हात लावू नका, जॉयस्टिकची सगळी बटणं त्यात नेमलेली असतात.