कम्युनिटी कॉलेजची रचना आणि नेतृत्व हा विषय घेऊन बसलेले प्राध्यापक नेमके काय करतात?

अपूर्णांक (न्यू जर्सी) :

नमस्कार. मी येथील एका कम्युनिटी कॉलेजात (म्हणजे सर्वांना प्रवेश देणाऱ्या, दोन वर्षांच्या पदवीच्या सार्वजनिक कॉलेजात) गेली नऊ वर्षे अर्धवेळ गणित शिकवते. माझ्या वाट्याला प्रामुख्याने 'रेमेडियल' वर्ग येतात. प्लेसमेंट टेस्टमध्ये, म्हणजे कोणत्या वर्गात बसवायचे हे ठरवणाऱ्या चाचणीत, मागे पडलेल्या मुलांना या वर्गांत शाळेचेच गणित पुन्हा शिकवले जाते. त्याचे शुल्क भरावे लागते, मात्र पदवीसाठी त्याचे क्रेडिट मिळत नाही. आमच्या विभागप्रमुख बाईंनी मला 'कम्युनिटी कॉलेज नेतृत्व' या विषयात डॉक्टरेट करण्याचे सुचवले आहे. कॉलेज कसे चालवावे हे वर्गात शिकवता येते, याबद्दलच मला शंका आहे. शिक्षणशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाने लेख लिहिण्यापलीकडे जाऊन ही कॉलेजे प्रत्यक्षात बदलली, असे उदाहरण कोणाला ठाऊक आहे का? मागच्या जानेवारीत माझ्या वर्गात २६ नावे होती आणि मे महिन्यात समोर अकरा जण बसलेले होते. ज्या शिक्षणाचा या आकड्यांशी काही संबंध नाही, त्यासाठी आणखी चार वर्षे आणि कर्ज काढण्याची माझी तयारी नाही.

जुना ऑस्टिनकर :

अपूर्णांकताई, उदाहरण आहे आणि ते आमच्याच गावातले आहे. टेक्सस विद्यापीठात कम्युनिटी कॉलेजच्या नेतृत्वाचा डॉक्टरेट अभ्यासक्रम १९४४ पासून होता. १९७१ मध्ये जॉन राउश यांनी त्याची सूत्रे हाती घेतली आणि २०१२ पर्यंत, म्हणजे चार दशके, ती सांभाळली. येथून बाहेर पडलेली माणसे देशभरातील कॉलेजांच्या अध्यक्षपदांवर जाऊन बसली. १९६० च्या दशकात केलॉग फाउंडेशनने अनेक विद्यापीठांना असे अभ्यासक्रम चालवण्यासाठी पैसे दिले होते, कारण नवी कॉलेजे इतक्या वेगाने उघडत होती की ती चालवणारी माणसे शाळांच्या मुख्याध्यापकांमधून आणावी लागत होती.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे राउश यांची सुरुवात तुमच्याच वर्गातून झाली. १९६८ मध्ये त्यांनी रेमेडियल शिक्षणाचा आढावा घेतला, तेव्हा प्रवेश सर्वांना देणाऱ्या कॉलेजांपैकी बहुतेकांना त्या मुलांचे पुढे काय होते हेच ठाऊक नाही, असे त्यांच्या लक्षात आले. पुढे १९७८ मध्ये त्यांनी 'निसॉड' ही संस्था उभी केली, ती मात्र अध्यक्षांसाठी नव्हती. वर्गात उभे राहणाऱ्या शिक्षकांसाठी होती. तिच्या वार्षिक परिषदेला मी दोनदा गेलो आहे. गौरवपदकांचा सोहळा जरा लांबतो, पण एखाद्या लहान गावातील वेल्डिंगच्या शिक्षकाला गळ्यात पदक घालून फोटो काढताना पाहिले की त्या लांबणीचे फारसे वाईट वाटत नाही.

खिडकी क्रमांक चार :

मी न्यूयॉर्कच्या एका कम्युनिटी कॉलेजात विद्यार्थी-सल्लागार आहे. राउश यांच्याविषयी आदर बाळगूनही मी दुसरे नाव पुढे करेन : कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातील थॉमस बेली. एमआयटीतून अर्थशास्त्राची डॉक्टरेट घेतलेल्या या प्राध्यापकाने १९९६ मध्ये स्लोन फाउंडेशनच्या मदतीने कम्युनिटी कॉलेज संशोधन केंद्र सुरू केले आणि २०१८ मध्ये ते टीचर्स कॉलेजचेच अध्यक्ष झाले. अध्यक्ष कसा असावा, या प्रश्नापाशी ते फार थांबले नाहीत. विद्यार्थी दारातून आत आल्यावर त्याच्या हाती काय पडते, हे त्यांनी पाहिले.

त्याच्या हाती काय पडते, ते मी रोज पाहते. ऑगस्टमधल्या शेवटच्या आठवड्यात माझ्यासमोर एक मुलगी बसली होती. तिला नर्सिंगला जायचे होते. पहिल्या सत्रात विज्ञानाचा विषय म्हणून तिने पर्यावरणाचा अभ्यासक्रम घेतला होता, कारण तो मंगळवारी संध्याकाळी होता आणि यादीत 'विज्ञान' या शीर्षकाखाली होता. पदवीच्या हिशेबात तो धरला जात होता, पण नर्सिंगच्या प्रवेशासाठी त्याचा काहीच उपयोग नव्हता. तिचे एक सत्र आणि त्या सत्राची सरकारी शिष्यवृत्ती वाया गेली, आणि चूक म्हणावी अशी चूक कोणाचीच नव्हती. तिला हे समजावून सांगायला माझ्याकडे वीस मिनिटे होती आणि बाहेर रांग होती. बेली आणि त्यांचे सहकारी शॅना स्मिथ जॅगर्स व डेव्हिस जेंकिन्स यांनी २०१५ च्या 'रीडिझायनिंग अमेरिकाज कम्युनिटी कॉलेजेस' या पुस्तकात या पद्धतीला कॅफेटेरिया म्हटले आहे : सगळे मांडून ठेवायचे आणि ज्याने त्याने आपले ताट वाढून घ्यायचे. ज्याच्या घरात यापूर्वी कोणी कॉलेजात गेलेले नाही, त्याला ताटात काय असावे हे सांगणारे कोणी नसते. त्यांचे म्हणणे असे की ठरावीक क्षेत्रांचे आखीव मार्ग करावेत आणि ते ध्येयापासून मागे मोजत आखावेत. याच विचाराचे 'गाइडेड पाथवेज' हे नाव आज बहुतेक राज्यांतील कॉलेजांत ऐकू येते.

आता तुमच्या २६ आणि अकराविषयी. २०१० मध्ये बेली आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी दाखवले की रेमेडियल गणिताकडे पाठवलेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांशच विद्यार्थी त्या वर्गांची पूर्ण साखळी पार करतात. मला अस्वस्थ करणारा भाग पुढचा आहे : नापास होऊन गळणाऱ्यांपेक्षा पहिल्या किंवा पुढच्या वर्गात नावच न घातल्यामुळे गळणारे अधिक असतात. तीन सत्रांची साखळी असली की दोन सांध्यांवर दोन सुट्ट्या येतात, आणि त्या सुट्ट्यांत नोकरीचे तास बदलतात किंवा घरी कोणीतरी आजारी पडते. त्याच केंद्राने २०१२ मध्ये असेही मांडले की प्लेसमेंट टेस्टमुळे गणितात चारांतील एक विद्यार्थी फारच चुकीच्या वर्गात जाऊन पडतो. मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी 'कंपास' ही चाचणी २०१६ मध्ये बंद झाली. एका प्राध्यापकाच्या केंद्राने याहून आणखी काय बदलायचे?

तिरका कोन :

बदलले ते मान्य आहे, पण एवढ्या सरळ रेषेत नव्हे. आखीव मार्ग कागदावर आखणे स्वस्त असते; त्या मार्गावर मुलांना टिकवणे महाग असते. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये आपल्या कम्युनिटी कॉलेजांत 'असॅप' हा उपक्रम सुरू केला, त्यात शुल्कातील तूट भरून दिली, पुस्तके दिली, मेट्रोचा पास दिला, पूर्णवेळ शिकण्याची अट घातली आणि सल्लागारामागची विद्यार्थिसंख्या शेकड्यांवरून साठ ते ऐंशीच्या घरात आणली. सोडत काढून केलेल्या तुलनेत तीन वर्षांत पदवी घेणारे २२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेले. या यशात रचना किती आणि मेट्रोचा पास किती, हे मला कोणी वेगळे करून दाखवावे.

शिवाय समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी १९६० मध्येच लिहून ठेवले आहे की ही कॉलेजे मुलांच्या आकांक्षा हळूहळू थंड करण्याचेही काम करतात. मार्ग आखून दिला की कोणत्या मुलाला कोणत्या मार्गावर पाठवायचे, हे ठरवणाराही कोणीतरी येतोच.

खिडकी क्रमांक चार :

तिरका कोन, हा आक्षेप मला पटतो, म्हणून गट्मन कम्युनिटी कॉलेजचे उदाहरण देते. सिटी युनिव्हर्सिटीने ब्रायंट पार्कसमोर २०१२ मध्ये सुमारे ३०० विद्यार्थ्यांवर अगदी कोऱ्या पाटीने एक कॉलेज सुरू केले. त्याचे पहिले अध्यक्ष स्कॉट एव्हनबेक हे इंडियानापोलिसमधून आलेले मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. तेथे प्रवेशाआधी उन्हाळ्यातील वर्ग सक्तीचे, पहिले वर्ष सर्वांना पूर्णवेळ आणि समान, आणि पदवीच्या शाखा मोजक्याच. पहिल्या वर्षी 'कामाची लोकवर्णने' असा एक विषय असतो, त्यात मुले प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी जाऊन काम करणाऱ्यांचे निरीक्षण करतात आणि त्यांच्याशी बोलतात. म्हणजे मार्ग निवडण्याआधी तो मार्ग कुठे जातो हे त्यांनी स्वतः पाहिलेले असते. लहान कॉलेजात हे जमते. वीस हजारांच्या कॉलेजात कसे जमवायचे, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

गोदाकाठ :

भारतातही विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ च्या सुमारास कम्युनिटी कॉलेजची योजना आणली होती. आमच्या भागातील एका महाविद्यालयात मी त्या अभ्यासक्रमाला शिकवत होतो. नाव अमेरिकेचे होते, पण मुलांना पदविकेनंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षात कसे घ्यायचे, हे आमच्या कार्यालयात शेवटपर्यंत कोणालाच सांगता आले नाही. खिडकीताई म्हणतात तो सांधा येथेही तसाच निसटला.

अपूर्णांक :

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मी मागील जानेवारीचा हजेरीपट काढून बसले. गळलेल्या पंधरांपैकी परीक्षेत नापास झालेले फक्त चार होते. सात जण मार्चमधील सुट्टीनंतर आलेच नाहीत, आणि उरलेल्या चौघांची नावे शुल्क न भरल्यामुळे तिसऱ्याच आठवड्यात पटावरून कमी झाली होती. नऊ वर्षे मी या सर्वांना मनातल्या मनात 'अपूर्णांक न जमलेले' या एकाच रकान्यात टाकत आले होते.

खिडकीताई, एक विचारते : पट कमी झाल्याची अशी कारणे तुमच्याकडे सल्लागारांना दिसतात, की ती फक्त नोंदणी कार्यालयातच पडून असतात? मंगळवारी डॉक्टरेटच्या अभ्यासक्रमाची मुलाखत आहे आणि तेथे माझा पहिला प्रश्न हाच राहील.