मदत हवी आहे: फणसाड अभयारण्यात लहान मुले आणि वडिलांसह तंबूत एक रात्र

सर्वांना नमस्कार.

येत्या जानेवारीत माझी थोरली बहीण, मेव्हणे आणि दोन्ही भाचे डोंबिवलीहून आमच्याकडे अलिबागला येणार आहेत. एक रात्र जंगलात तंबूमध्ये काढायची, असे भाच्यांनी दिवाळीपासूनच ठरवून टाकले आहे. थोरला बारा वर्षांचा आहे, धाकटा आठ वर्षांचा. सत्तरी ओलांडलेले आमचे वडीलही येणार म्हणतात, आणि ते कोणाचे ऐकणार नाहीत हे ठाऊक असल्यामुळे त्यांना धरूनच बेत आखत आहे.

काशीद आणि रेवदंडा परिसरात ‘कॅम्पिंग’ या नावाने जे मिळते ते मी पाहिलेले आहे. सुरूच्या बनात ओळीने तंबू, मधोमध ध्वनिक्षेपक आणि मध्यरात्रीपर्यंत गाणी. त्यासाठी डोंबिवली सोडून इतक्या लांब येण्याची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामुळे फणसाडचाच विचार मनात आहे. मुंबईपासून रस्त्याने जेमतेम दीडशे-एकशे साठ किलोमीटरवर, समुद्राच्या इतक्या जवळ एवढे दाट जंगल टिकून राहिले, याचे मोठे कारण म्हणजे हा मुलूख जंजिऱ्याच्या नबाबांचे राखीव शिकारक्षेत्र होता आणि पुढे १९८६ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. मुलांना शेकरू दिसावे, ऐन-किंजळीवर चढलेली गारंबीची वेल पाहता यावी आणि रात्री दिवे नसलेले आकाश बघता यावे, एवढीच अपेक्षा आहे. बिबट्या दिसलाच पाहिजे असा हट्ट कोणाचाही नाही. बहिणीचा तर तो दिसू नये असाच आहे.

आता अडचणी सांगतो. मेव्हण्यांनी नवा तंबू विकत घेतला आहे आणि तो जंगलातच, शक्यतो एखाद्या पाणवठ्याजवळ लावायचा असा त्यांचा आग्रह आहे. सुपेगावच्या बाजूला वनविभागाच्या तंबूंची सोय आहे हे मला माहीत आहे. परंतु अभयारण्याच्या आत स्वतःचा तंबू लावण्यास परवानगी मिळते का, आणि मिळत नसल्यास सीमेलगतच्या एखाद्या वाडीत मालकाच्या संमतीने तो लावणे कितपत योग्य ठरेल?

दुसरा प्रश्न पोपटीचा, म्हणजे मडक्यात पाला, शेंगा आणि अंडी भरून जाळावर भाजण्याच्या आमच्याकडच्या पदार्थाचा आहे. जानेवारी म्हणजे वालाच्या शेंगांचा हंगाम, आणि मुंबईहून पाहुणे येऊन पोपटी न खाता परत गेले असे आमच्या घरात आजवर घडलेले नाही. मडके, भांबुर्डीचा पाला, शेंगा, अंडी हे सारे मी घरून नेऊ शकतो, परंतु जाळ करावाच लागेल. अशा ठिकाणी ते चालते का?

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गोचीड आणि साप यांच्याबाबत लहान मुलांसाठी नेमकी कोणती काळजी घ्यावी? सिंधुदुर्गातील माकडतापाच्या बातम्या वाचल्यापासून बहिणीच्या मनात धास्ती बसली आहे, आणि मोघम उत्तराने तिचे समाधान होणार नाही. ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

मी मुरूडचा रहिवासी आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेशच करता येत नाही, मग मनाला येईल तेथे मुक्काम करणे दूरच राहिले. आपण वनविभागाचेच तंबू घ्यावेत आणि त्यासाठी वनपरिक्षेत्र कार्यालयाशी आधी बोलून ठेवावे. शनिवार-रविवार टाळलेत तर शांतताही मिळेल. पाणवठ्याजवळ राहण्याचा मेव्हण्यांचा हट्ट मात्र कृपया मोडून काढा. चिखलगाण, फणसाडगाण यांसारख्या पाणवठ्यांवर रात्री सांबर, भेकर, रानडुक्कर आणि बिबट्या येतात. तेथे माणूस ठाण मांडून बसला तर त्या रात्री जनावरे तहानलेली राहतात. त्यांना रात्रीचे जंगल खरोखरच अनुभवायचे असेल, तर बुद्धपौर्णिमेला वनविभाग स्वयंसेवकांना मचाणावर बसवून प्राण्यांची नोंद करून घेतो, त्यासाठी त्यांनी नाव द्यावे.

पोपटी अभयारण्यात नकोच. तेथे धोकादायक रीतीने जाळ करण्यास कायद्यानेच मनाई आहे, आणि जानेवारीत माळावरचे गवत इतके वाळलेले असते की एक ठिणगीही पुरेशी होते. त्यापेक्षा आदल्या संध्याकाळी अलिबागलाच, भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात पोपटी लावा. मेव्हण्यांचा तंबूही त्याच रात्री तेथे उभा करून पाहा, म्हणजे दोघांचेही मन राहील आणि सांधे कोठे गळतात किंवा चेन कोठे अडकते हेही घराजवळच कळेल. आपल्याकडे थंडीत दव फार पडते. एकेरी कापडाचा तंबू पहाटे आतून ओला होतो, म्हणून वरचे आच्छादन वेगळे असलेला दुहेरी तंबू असावा. कातळावर खुंट्या शिरत नाहीत, तेथे दोर दगडांना बांधावे लागतात.

वडिलांना पायवाटेने फार आत नेऊ नका. सकाळी लवकर, ऊन चढण्यापूर्वी, वाटाड्यासोबत थोडे चालून एखाद्या झाडाखाली स्वस्थ बसलात तर शेकरू तेथेही दिसते. बहुतेक वेळा त्याचा आवाज आधी येतो.

प्रतिसाद २

मी वैद्यकीय व्यवसायात आहे, म्हणून फक्त तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. माकडतापाचे रुग्ण २०१६ पासून सिंधुदुर्गात, मुख्यतः दोडामार्ग तालुक्याच्या बाजूला आढळले. हा आजार गोचिडांमुळे पसरतो. फणसाडमध्ये घाबरून जाण्याचे कारण नाही, परंतु गोचीड कोणत्याही जंगलात चिकटू शकते, म्हणून पूर्ण बाह्यांचे फिक्या रंगाचे कपडे घालावेत, विजारीचे पाय मोज्यांत खोचावेत आणि पालापाचोळ्यावर थेट बसू नये. परतल्यावर मुलांच्या कानामागे, काखेत, जांघेत आणि केसांत नीट पाहावे. गोचीड आढळल्यास चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी. तिच्यावर रॉकेल, तेल वा चटका यांचा प्रयोग करू नये. पुढील दोन-तीन आठवड्यांत कोणाला ताप आला, तर जंगलात गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. ही एक गोष्ट लोक हमखास विसरतात.

सापांविषयी सांगायचे, तर तंबूत झोपताना खरी काळजी मण्यारीची घ्यावी लागते. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि तो दंश पुष्कळदा दुखतही नाही. म्हणून तळ शिवलेला, चेन पूर्ण बंद होणारा तंबू अत्यावश्यक आहे. रात्री लघुशंकेसाठी उठल्यावर विजेरी आणि बूट यांशिवाय कोणीही बाहेर पाऊल टाकू नये, वडिलांनी तर मुळीच नाही. दंश झालाच, तर आवळपट्टी बांधणे, जखम चिरणे, रक्त चोखणे यांपैकी काहीही करू नये. चावलेला हात किंवा पाय हलणार नाही असा आधार देऊन माणसाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. सर्पविषावरील लस उपलब्ध असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, हे निघण्यापूर्वीच दूरध्वनीवर विचारून कागदावर लिहून ठेवावे, कारण जंगलात मोबाइलला संपर्क मिळेलच असे नाही.

मूळ प्रश्नकर्त्याकडून

दोघांचेही मनापासून आभार. पोपटी आणि मेव्हण्यांचा तंबू आदल्या रात्री आमच्याच शेतात, आणि दुसऱ्या दिवशी सुपेगावला वनविभागाच्या तंबूत मुक्काम, असे आता ठरवत आहे. बहिणीला दुसरा प्रतिसाद वाचून दाखवला. तिने आतापासूनच मुलांचे पांढरे मोजे बाजूला काढून ठेवले आहेत.

एकच शंका उरली आहे. बहिणीकडची मंडळी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने गाडीसह मांडव्याला उतरणार आहेत, त्यामुळे पुढे वाहनाची अडचण नाही. मात्र रात्रीच्या जेवणाची सोय सुपेगावात आधी सांगून ठेवल्यास होते का, की तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकी भाजी घरूनच बांधून न्यावी? मुरूडच्या सदस्यांनी हे कळवल्यास बरे होईल.