बेस गिटार रेकॉर्डिंगसाठी कमी वॅटचा व्हॉल्व्ह (ट्यूब) अॅम्प: मदत हवी आहे

घरच्या १० बाय ११ च्या खोलीत बेस रेकॉर्ड करतो. लाइव्ह वाजवायचं नाही, त्यामुळे आवाज मोठा नसला तरी चालेल. फ्लॅट आहे, वरती आजी-आजोबा राहतात.

बेस स्क्वायरचा प्रिसिजन, त्यावर फ्लॅटवाउंड (गुळगुळीत गुंडाळीच्या) तारा. सध्या थेट कॉम्प्युटरच्या ऑडिओ इंटरफेसमध्ये लावतो आणि प्लगइनने अॅम्पचा आवाज आणतो. वाईट नाही, पण जोरात वाजवल्यावर खरा अॅम्प सूर जसा दाबून धरतो, ते त्यात येत नाही. मला जुन्या अँपेग बी-१५ या व्हॉल्व्ह बेस अॅम्पसारखा गोल, किंचित फाटणारा आवाज हवाय. (खरा बी-१५ परवडणार नाही, ते सुचवू नका!)

मित्राचा १५ वॅटचा गिटार कॉम्बो (अॅम्प-स्पीकर एकाच पेटीत) लावून पाहिला. मागून उघडा, १२ इंची स्पीकर. खालच्या ई तारेला, म्हणजे ४१ हर्ट्झच्या आसपास, नुसती फडफड. व्हॉल्यूम कमी केला की फडफड जाते, पण व्हॉल्व्हची मजाही जाते.

बजेट सगळं मिळून ८० हजार, सेकंडहँड चालेल. अमेरिकेतून मागवायचा झाला तर २३० व्होल्टचा प्रश्न आहेच. माइक एसएम५७ आहे, बेसला साजेसा घ्यावा लागला तर तोही याच बजेटमध्ये.

ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांना विचारतो: २० वॅटचा व्हॉल्व्ह हेड (स्पीकरशिवायचा अॅम्प) आणि मागून बंद स्पीकर कॅबिनेट घेऊ, की हेडला लोड बॉक्स (स्पीकरऐवजी अॅम्पची पॉवर झेलणारी पेटी) लावून स्पीकरच टाळू? की या पैशात व्हॉल्व्हचा चांगला प्रीअॅम्प डीआय (पॉवर अॅम्पशिवाय थेट इंटरफेसला सिग्नल देणारा) जास्त कामाचा? त्यात पॉवर अॅम्पला स्पीकरशी जोडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसल्याचा फरक रेकॉर्डिंगमध्ये खरंच ऐकू येतो का?