सॉफ्ट स्किल कमी पडतात म्हणे. अठरा हजारांचा क्लास लावू का?

बार्शीचा_मेकॅनिकल

नमस्कार मंडळी. डिप्लोमा मेकॅनिकल, २०२३ पास, ७१ टक्के. नंतर चाकणला एका कंपनीत वर्षभर अप्रेंटिस होतो. स्टायपेंड तेव्हाच्या नियमातला किमान, म्हणजे ८,०००, वर कॅन्टीन. वर्ष संपलं, घेतलं नाही, गावी परत. गेल्या पाच महिन्यांत चार इंटरव्ह्यू झाले. टेक्निकलला अडत नाही. व्हर्निअर, मायक्रोमीटर, लिमिट-फिट, विचारतील ते सांगतो. एचआर राउंडला माती होते.

परवा भोसरीत विचारलं, "तुमचा वीकनेस काय?" यूट्यूबवर बघून पाठ केलं होतं तसं म्हणालो, "मी परफेक्शनिस्ट आहे." समोरचे साहेब हसलेच. म्हणाले, "सकाळपासून तुम्ही सहावे." दोन दिवसांनी कन्सल्टन्सीचा फोन, टेक्निकल बरं आहे पण सॉफ्ट स्किल कमी पडतात. कुठली कमी पडतात विचारलं तर म्हणे, "ओव्हरऑल."

पुण्यात तीन महिन्यांचा एक क्लास आहे. बॉडी लँग्वेज, ग्रूमिंग, ग्रुप डिस्कशन वगैरे. फी १८,०००. वडील म्हणतात तूर विकली की देतो. तुरीचे पैसे टाय बांधायला शिकण्यात घालवायचे हे पटत नाही, आणि घरी बसून राहिलेलंही पटत नाही.

मला बोलताच येत नाही असं नाही. मित्रांत मीच बडबड्या. पण मोठ्या माणसापुढे तोंड उघडत नाही. अप्रेंटिस असताना एकदा कूलंटचं, म्हणजे कापताना मालावर सोडतात त्या तेल-पाण्याचं, रिडिंग ३ आलं होतं, मशीनवरच्या चार्टवर ६ ते ८ लिहिलेलं. मशीनवरचे काका वीस वर्षं जुने, त्यांना मी काय सांगणार, म्हणून राहून गेलं. तीन दिवसांनी दोन बिन माल गंजला. असो, तो विषय वेगळा.

क्लास लावू का?

पिंपरीकर_८८

लाव रे. सगळीकडे इंग्रजीच बघतात. मीही लावला होता, निदान हात कुठे ठेवायचे ते कळलं. पण पैसे हप्त्याने दे, एकरकमी देऊ नकोस. दुसऱ्या महिन्यात आमचे सरच बदलले होते.

क्वालिटीवाली

अरे, तो विषय वेगळा कसा? तोच तर विषय आहे.

मी बावीस वर्षं क्वालिटीत आहे, आधी भोसरी, आता चाकण. पोरं घ्यायची असली की मला पॅनलवर बसवतात. एचआरवाले सॉफ्ट स्किल म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात काय असतं ते त्यांनाच विचार. माझ्या डोक्यात एवढंच असतं की माल बिघडतोय हे ह्या पोराच्या लक्षात आलं, तर हा मला कधी सांगेल? त्याच तासाला, की दोन बिन गंजल्यावर?

तुझं कूलंटच घे. उन्हाळ्यात टाकी खाली जाते, घाईत कुणीतरी साध्या पाण्याची बादली ओततं. असं चार-सहादा झालं की तेलाचं प्रमाण पडतं. बिडाच्या कास्टिंगचा माल असला तर एका रात्रीत तांबूस ठिपके. हे तुला माहीत होतं. रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावून रिडिंग तूच घेतलंस. मग गाडी अडली कुठे? काकांपाशी.

आता काकांना "तुमचं कूलंट पातळ झालंय" असं थोडंच म्हणायचं असतं! "काका, मला ३ दिसतंय, माझं बघायला चुकतंय का, जरा बघता?" बस. ते भिंगातून बघतील, रात्रपाळीवाल्याला एक शिवी हासडतील आणि तेलाचा कॅन मागवतील. तुझं काम झालं, त्यांचा मानही राहिला. तरी नाहीच ऐकलं, तर सुपरवायझरकडे जायचं, पण काकांना सांगून जायचं. "काका, मी साहेबांना विचारून येतो." पाठीमागून गेलास तर वर्षभर त्या मशीनवर तुला कुणी काही शिकवणार नाही.

सगळा दोष तुझाच आहे असंही नाही. टोयोटात लाइनवर अँडॉनची दोरी असते, काही चुकतंय वाटलं तर कुठलाही कामगार ओढू शकतो. ते बघून आपल्याकडेही बटणं आली, दिवे आले. मी पूर्वी होते त्या एका ठिकाणी त्या बटणावर धूळ बसलेली असायची. कारण कुणी दाबलं की सुपरवायझर आधी त्याच्यावर ओरडायचा, मग मशीनकडे बघायचा. अशा जागी पोरं गप्प बसायलाच शिकतात. तूही तेच शिकून आलास. ते आता मोडायचं आहे.

इंटरव्ह्यूत मी काय करते ते सांगते, फोडलंस तरी चालेल. एक नग, एक व्हर्निअर आणि एक ड्रॉइंग देते. ड्रॉइंगमधलं एक माप मुद्दाम खोडलेलं असतं. म्हणते, तपासून सांगा बरोबर आहे का. बहुतेक पोरं भराभर मोजतात, खोडलेल्या मापाशी क्षणभर थांबतात आणि "ओके मॅडम" म्हणून मोकळी होतात. मागच्या खेपेला एकाने नग खाली ठेवला आणि शुद्ध मराठीत म्हणाला, "मॅडम, हे माप दिसत नाहीये. ते कळल्याशिवाय मी ओके म्हणणार नाही." शर्टाची इस्त्री मोडलेली, बहुधा बसने उभ्यानं आला असावा. घेतला त्याला.

दुसरं म्हणजे लिहिणं. शिफ्ट सुटताना लॉगबुकात तू काय लिहायचास? "मशीन ४ ओके" ना? सगळे तेच लिहितात. आता हे वाच: "मशीन ४. बोअर लहान होत चाललाय, २५.००४ पर्यंत आलाय, खालची मर्यादा २५.०००. इन्सर्ट बदलायला झालाय. पहिले पाच नग एअर गेजवर बघा." भोक लहान होतंय, कापायची धार झिजलीय, पुढच्याने काय बघायचं, सगळं चार ओळींत. लिहायला मिनिटही लागत नाही, आणि सकाळच्या पाळीचा माल वाचतो. इंटरव्ह्यूला जाताना असं एक पान हाताने लिहून खिशात ठेव. "टीमवर्क म्हणजे काय?" असं विचारलं की व्याख्या सांगू नकोस, ते पान काढून दाखव.

आणि वीकनेस विचारला की कूलंटचाच किस्सा सांग. रिडिंग किती, नग किती गेले, तेव्हा का गप्प बसलास, आज असतास तर काय केलं असतंस. सहाव्या परफेक्शनिस्टपेक्षा हे ऐकायला कुणालाही आवडेल.

क्लासचं तूच ठरव. मी असते तर तूर ठेवून घेतली असती.

आयटीआय_मास्तर

मॅडमशी सहमत. आयटीआयला एम्प्लॉयेबिलिटी स्किल्स हा विषयच आहे, पण पोरं त्या तासाला पेपरपुरती बसतात. डीजीटीच्या, म्हणजे केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाच्या, भारतस्किल्स पोर्टलवर त्याचं साहित्य फुकट मिळतं. डिप्लोमावाल्यानेही चाळायला हरकत नाही. मात्र पोहायचं पुस्तक वाचून कुणी विहिरीत उतरत नाही.

मी माझ्या बॅचला दर सोमवारी एक काम देतो. वर्कशॉपमधल्या एका मशीनची तक्रार एकाने येऊन मला सांगायची, मी सुपरवायझर. "सर, ते जरा प्रॉब्लेम आहे" चालत नाही. कुठलं मशीन, कधीपासून, तू काय करून बघितलंस, आता माझ्याकडून काय हवंय, हे सगळं दोन मिनिटांत. पहिला महिना पोरं घामाघूम होतात. मी मधेच फोन घेतो, चिडतो, "नंतर ये" म्हणतो. खऱ्या सुपरवायझरसारखं. दिवाळीपर्यंत बरीचशी सरावतात.

तू गावी आहेस तर विहिरीवरची मोटार बंद पडली की वायरमनला फोन तू कर, वडिलांना करू देऊ नकोस. "मोटार चालत नाही" एवढ्यावर तो दोन दिवस फिरकत नाही. तीन फेज येतात का, स्टार्टर ट्रिप होतो का, मोटार घरघरते की गप्पच आहे, हे सांगितलंस तर संध्याकाळी येतो, तेही बरोबर सामान घेऊन. ह्याहून चांगला सराव पुण्यात मिळणार नाही.

पिंपरीकर_८८

मॅडम, ऐकायला छान आहे सगळं, पण तुमच्या पॅनलपर्यंत पोचायला आधी एचआरची चाळणी लागते आणि ती इंग्रजी असते. शिवाय ग्राहकाची तक्रार आली की एट-डी रिपोर्ट, म्हणजे आठ पायऱ्यांचा तक्रारीचा अहवाल, इंग्रजीतच भरायचा असतो. तिथे मराठी बाणा चालत नाही.

क्वालिटीवाली

बरोबर आहे, ते मी लिहायला हवं होतं. इंग्रजी लागतं. पण एट-डीला लागणारं इंग्रजी म्हणजे भाषण नव्हे. काय झालं, किती नग, माल कुठे अडवला, कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. साधी लहान वाक्यं. आठवड्याला असा एक रिपोर्ट लिहून काढ, तीन महिन्यांत हात बसेल.

आणि गंमत बघा. ही पद्धत फोर्डने १९८७ मध्ये लिहून काढली, पक्की इंजिनिअर लोकांची. तिची पहिली पायरी काय? टीम जमवणे. आठवी? टीमचं कौतुक करणे. ही आठवी पायरी आमच्याकडे सगळे "डन" लिहून सोडतात, मीसुद्धा.

बार्शीचा_मेकॅनिकल

मॅडम, मास्तर, दादा, सगळ्यांचे आभार. क्लासवाल्यांना "नाही" म्हणून कळवलं. किस्सा लिहून काढलाय, बघता का?

"अप्रेंटिस असताना एका मशीनच्या कूलंटचं रिडिंग ३ आलं होतं. ते ६ ते ८ हवं होतं. ऑपरेटर सीनिअर असल्यामुळे सांगायचं राहून गेलं. तीन दिवसांनी २१२ नग गंजलेले आढळले. आता असं झालं तर लगेच कळवलं जाईल."

क्वालिटीवाली

आकडे आले, छान. पण ह्यात तू कुठे आहेस? रिडिंग आलं, सांगायचं राहिलं, नग आढळले, कळवलं जाईल. सगळं आपोआप घडलं जणू. रिडिंग कुणी घेतलं? कोण गप्प बसलं? कोण कळवणार? परत लिही.

बार्शीचा_मेकॅनिकल

"मी रिडिंग घेतलं, ३ आलं. ६ ते ८ हवं होतं. ऑपरेटर सीनिअर होते म्हणून मी घाबरलो आणि सांगितलं नाही. तीन दिवसांनी २१२ नग गंजले. आता मी आधी ऑपरेटरला विचारीन, आणि त्याच पाळीत सुपरवायझरला सांगीन."

लिहिताना कान गरम झाले, खरं सांगतो. मंगळवारी परत भोसरीला इंटरव्ह्यू आहे, दुसरी कंपनी. कळवतो.