आईला समुद्रकाठच्या सपाट रस्त्यावरून फिरवायचंय, सोलापूरहून कुठं न्यावं?

विजापूररोडकर
आईचं वय ७२, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. काठी घेऊन दोन-अडीचशे पावलं चालते, मग बसावंच लागतं. समुद्र बघायची तिची फार इच्छा आहे. वाळूतून चालणं जमणार नाही, म्हणून पाण्याला लागून फरसबंद, चढउतार नसलेला, व्हीलचेअर जाईल असा रस्ता हवाय. रत्नागिरीकडं गाडीनं जावं की मुंबईला रेल्वेनं? मरीन ड्राइव्हवर व्हीलचेअर नीट जाते का? पाण्यात पाय बुडवता येतील का? बरोबर मी आणि बहीण असू.

चाकं_आणि_रस्ते
मुंबईच करा. रत्नागिरीला आंबा घाट उतरून जायचं म्हणजे गुडघा वाकवून सात-आठ तास बसणं आलं, आणि तिथं पोचल्यावर किनारा बहुतेक वाळूचाच.

वंदे भारत सकाळी लवकर सुटते, पण साडेसहा तास खुर्चीतच बसावं लागतं. आईंसाठी रात्रीची सिद्धेश्वर बरी, पाय लांब करून झोपता येतं. त्यांचं तिकीट वेगळं काढून ज्येष्ठांच्या कोट्यातून खालचा बर्थ मागा. तिघांचं एकत्र काढलं तर तो कोटा लागत नाही. सीएसएमटी शेवटचं स्टेशन असल्यानं लांब पल्ल्याच्या गाडीतून उतरलं की जिना न चढता थेट बाहेर पडता येतं. फक्त डबा मागं असेल तर फलाटावरच बरंच चालणं होतं, तेव्हा व्हीलचेअर उतरल्या उतरल्या उघडा.

मरीन ड्राइव्ह नरिमन पॉइंटपासून गिरगाव चौपाटीपर्यंत साधारण साडेतीन किलोमीटर. फुटपाथ भरपूर रुंद आणि सपाट आहे. सगळा पालथा घालायचा हट्ट नको. नरिमन पॉइंटच्या बाजूचा एक किलोमीटर जायचा आणि तोच परत यायचा, एवढं पुरे. ढकलत, थांबत एका बाजूला पंचवीस मिनिटं धरा. टॅक्सी समुद्राच्या बाजूलाच थांबवा, म्हणजे तो मोठा रस्ता ओलांडायला नको. चर्चगेटच्या भुयारी मार्गाला पायऱ्या आहेत, तिकडं जाऊ नका. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या डिकीत सीएनजीची टाकी असते, त्यामुळं घडी केलेली व्हीलचेअर टपावर बांधावी लागते. दोरी जवळ ठेवा. मोठी कॅब मागवली तर हा प्रश्न येत नाही.

सगळ्यात जास्त अडतं ते लॉजवर. ४५ सेंमी बैठकीची व्हीलचेअर बाहेरून बाहेर साधारण ६५ सेंमी भरते आणि जुन्या इमारतींत बाथरूमचं दार बऱ्याचदा तेवढंही नसतं. फोनवर "लिफ्ट आहे का" एवढंच विचारू नका. लिफ्टच्या आधी पायऱ्या किती, दार टेपनं मोजून किती आणि संडास कमोडचा आहे का, तेही विचारा. रस्त्यालगत स्वच्छतागृहं मोजकीच आहेत, लॉजवरून जाऊनच निघा.

गुडघा_फिजिओ
भाड्याची व्हीलचेअर घेताना पुढच्या छोट्या चाकांकडं बघा. खडखडतात, डगमगतात किंवा त्यांच्यात केस-दोरे गुंतलेत, तर दुसरी मागा. फरशीच्या फटीत अडकतात तीच. ती अडकली की खुर्ची जागच्या जागी थांबते आणि बसलेलं माणूस पुढं फेकलं जातं. म्हणून कमरेचा पट्टा लावाच. चारही चाकं लहान असलेली हलकी खुर्ची टॅक्सीत घालायला सोपी, पण सांध्या-फटींवर दणके देते. मागची चाकं मोठी असलेलीच घ्या. दोन्ही ब्रेक लावून ढकलून बघा. हलली तर नको.

कडा चढताना खुर्ची सरळ कडेला भिडवा, मागच्या नळीवर पाय दाबून पुढची चाकं वर टेकवा, मग मोठी चाकं ढकला. उतरताना उलटं वळून आधी मोठी चाकं खाली सोडा. तीव्र उतारावरही असंच, आईंची पाठ उताराकडं ठेवून. फुटपाथला पाणी वाहून जाण्यासाठी किंचित कल असतो, त्यामुळं खुर्ची एका बाजूला ओढली जाते. मनगटं तिथंच भरून येतात, दोघं बहीणभाऊ आलटूनपालटून ढकला.

जाण्याआधी कंबर तलावाच्या बाजूला एक संध्याकाळ हे करून बघा, आईंना बसवून. आईंनाही मागं झुकवल्यावर घाबरायचं कारण नाही हे कळेल.

समुद्राकडच्या कट्ट्याला टेकायला पाठ नाही. कट्ट्यावर पाय समुद्राकडं सोडून बसवू नका, तिथून वळून उठताना शस्त्रक्रियेच्या गुडघ्याला पीळ बसतो. चालायचं असेल तर शंभर पावलं चालवा आणि खुर्ची लगेच मागं आणा. दमल्यावर बसायचं नाही, दमायच्या आधी बसायचं.

भरती_ओहोटी
वेळेबद्दल. कोकणातला हिशोब असा: तिथीला तीननं गुणा, चारनं भागा, जे येईल त्या वाजता भरती. चतुर्थीला ४ × ३ ÷ ४ म्हणजे तीन वाजता. शुक्ल असो वा कृष्ण पक्ष, दोन्हींत हेच. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो. साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणून पौर्णिमा-अमावास्येला संध्याकाळी जाल तर पाणी मागं सरलेलं आणि समोर नुसते काळे दगड. सप्तमी ते नवमी धरा. सव्वापाच ते पावणेसातच्या दरम्यान पाणी भरलेलं असतं आणि डिसेंबरात सूर्यही सहाच्या सुमारास बुडतो. आईंना बघायचंय ते हेच. कॅलेंडरवर तिथी बघूनच तिकीट काढा.

पावसाळ्यात मोठ्या भरतीला लाटा कठड्यावरून रस्त्यावर येतात, तेव्हा अजिबात नको. चारच्या आधीही नको, कारण समोरून पश्चिमेचं ऊन आणि काठाला सावली नाही. सोलापूरच्या कोरड्या हवेत घाम वाळतो, तिथं अंगावरच राहतो, म्हणून ३२ अंशांतही आपलं माणूस लवकर गळतं. पाणी थोडं थोडं पाजत राहा.

पाय बुडवायचं म्हणाल तर चौपाटीच्या कोरड्या वाळूत व्हीलचेअर पुढं ढकलली की रुतते. उलटी करून मागं ओढायची, दोघांनी. दहा-पंधरा पावलं जमतं, त्यापुढं नाही. गिरगावचं पाणीही पाय बुडवण्याजोगं स्वच्छ नसतं. हा हट्ट सोडा.

विजापूररोडकर
खूप आभार. वरळीकडच्या कोस्टल रोडचा नवा पदपथ कसा आहे?

चाकं_आणि_रस्ते
ऑगस्ट २०२५ मध्ये खुला झाला, लांब आणि सपाट. पण आत जायला रस्त्याखालच्या भुयारी मार्गातून जावं लागतं, त्या उताराला दोघांचंही बळ लागेल. पहिल्या खेपेला मरीन ड्राइव्हच. आणि परत आल्यावर व्हीलचेअर साध्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं पुसून, कोरडी करून चाकांच्या आसांना तेलाचे दोन थेंब द्या. खाऱ्या हवेनं आस धरतात आणि दुकानदार अनामत कापतो. ब्रेक जिथं टायरला लागतो तिथं मात्र तेल जाऊ देऊ नका.